प्रोग्राममधल्या जाऊबाई

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी माझ्या दिरांचं नाव आजवर घेतलेलं नाही. दीर बाहेर असले की ‘हे कुठं गेल्ते’, घरात असले की ‘ऐकून राह्यले का’, आणि रेशनच्या दुकानात विचारलं तर त्या नुसत्या माझ्याकडे बघतात, मग नाव मी सांगते. माझ्या स्वतःच्या नवऱ्याचं नाव मी सरळ घेते. बँकेत घेते, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात घेते, भांडणात तर आडनावासकट घेते. त्यामुळे मला घरात कुणी लाजरी म्हणत नाही.

हे सांगते आहे ते एका सॉफ्टवेअरमुळे. दोन्हींचा संबंध ऐकणाऱ्याला लागत नाही, आणि ज्या कंपनीनं ते सॉफ्टवेअर आम्हाला विकलं तिलाही लागला नव्हता.

केदारखेड्याजवळ आम्हा दोघींचं चॉकी सेंटर आहे. चॉकी म्हणजे रेशमाच्या अळ्यांची बालवाडी. अंडी आमच्याकडे येतात, फुटतात, आणि मुंगीहून बारीक काळ्या अळ्यांना आम्ही कोवळी तुती चिरून भरवतो. दुसऱ्यांदा कात टाकायला त्या मान वर करून निपचित बसल्या, की ट्रेमध्ये घालून शेतकऱ्यांच्या घरी पोचवतो. पुढचं खाणं आणि कोष विणणं तिकडे. या झोपेतच त्यांना हलवायचं, कारण झोपेत त्या खात नाहीत. जाग आली की त्यांना तुती लागते, तीही घमेल्यांनी, आणि एवढी आमच्याकडे नसते. म्हणजे वाटपाच्या सकाळी सगळा कारभार एका झोपेवर चाललेला असतो.

कुणाच्या घरी किती अळ्या, कुणाची शेड धुऊन तयार आहे, गाडी कुठून कुठं जाणार, हे पूर्वी आम्ही तोंडी करायचो, आणि दर वेळी कुणाच्या तरी अळ्या भलत्याच घरी उतरायच्या. लग्नाआधी मी नवीन जालन्यात स्टेशनजवळच्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवत असे. जाऊबाई मला अजून मास्तरीण म्हणतात, विशेषतः माझं काही चुकलं की. त्या जुन्या ओळखीवर मी शोधाशोध केली आणि एक प्रोग्राम मिळाला. घरोघर भाजी पोचवणाऱ्या परदेशातल्या काही मंडळींनी तो स्वतःसाठी लिहिला होता आणि मग सगळ्यांसाठी खुला करून टाकला होता. खुला म्हणजे नुसता फुकट नव्हे. आतलं लिखाण कुणीही बघावं, बदलावं, वाटावं, अगदी विकावंसुद्धा. अटी दोनच. ज्यांनी केलं त्यांची नावं पुसायची नाहीत, आणि पुढं ज्याला द्याल त्यालाही आतलं लिखाण बघू द्यायचं. शेजारणीला पिठाची चाळणी देताना आमच्याकडे याहून जास्त अटी घालतात.

मी त्याचं मराठी करायला घेतलं. जाऊबाई शेजारी तुती चिरत बसायच्या. काम चालू असताना पडद्यावर काहीतरी सूचना दिसायला हवी होती. मी लिहिलं, ‘कृपया प्रतीक्षा करा’.

“हे कोण बोलून राह्यलं?” जाऊबाई म्हणाल्या. “टेशनावरली बाई का?”

“मग काय लिहू?”

“लिव्ह, जरा दम धरा, करून राह्यलोय.”

मी तेच लिहिलं. त्या मंडळींनी ते आनंदानं घेतलं, कारण त्यांना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं.

दुसरी अडचण मोठी होती. घरातल्या कर्त्याचं नाव भरल्याशिवाय तो प्रोग्राम नोंदच घेत नसे, आणि आमच्याकडे बुकिंगला येतात बाया. विचारलं की पदर तोंडाला. एक जण खिडकीतून बोट दाखवायची, ते बघा, पानटपरीवर उभे आहेत ते. आमच्या एक खाला शांतपणे म्हणायच्या, “बच्चों के अब्बा लिख लो, सबको मालूम है.” शेवटी मी त्या मंडळींना पत्र पाठवलं. त्यांच्यातल्या एका गृहस्थांना विषय फारच आवडला. ते उलट विचारू लागले की नवरा गर्दीत हरवला तर या बाया त्याला हाक कशी मारतात. मी जाऊबाईंना विचारलं.

“हे हारवत न्हाईत,” त्या म्हणाल्या. “जेवायच्या टायमाला बराबर येतात.”

हे उत्तर मी जमेल तसं इंग्रजीत कळवलं. थोड्याच काळात प्रोग्राममध्ये एक नवी चौकट आली. ‘नाव घेत नाहीत’ असं त्यावर मी मराठीत घातलं. त्या चौकटीत टिचकी मारली की नावाची सक्ती उठायची आणि शेजारी ‘घराची खूण’ लिहायला जागा उघडायची. ट्रेवरची चिठ्ठी आणि गाडीचा रस्ता मग त्या खुणेवर चालायचा. बायांनी खुणाही झकास दिल्या. दारात निळं पिंप. निंबाखाली, कुत्रं भुंकतं पण चावत नाही. ओसरीवर सासू बसलेली असती तेच.

तेव्हापासून एकही अळी भलत्या घरी गेली नाही.

मग आमच्या उत्पादक संघाला सुधारणा सुचली. संघाचं ऑफिस नवीन जालन्यात, बियाणं कंपन्यांच्या ऑफिसांच्या रांगेत आहे. त्या शेजाराचा परिणाम असावा. सगळ्या सेंटरांना एकाच कंपनीचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं. कंपनीचे एक साहेब शहरातून दाखवायला आले. वागायला चांगले, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. पडदा निळा, कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह फिरतंय. साहेबांनी बटण दाबलं, गोल चक्र फिरू लागलं, आणि त्याच्याखाली अक्षरं आली: जरा दम धरा, करून राह्यलोय.

मी पाण्याची बाटली तोंडाला लावली, नाहीतर तिथंच हसू फुटलं असतं.

“आमच्या टीमनं मराठवाड्यात फिरून भाषा गोळा केली आहे,” साहेब म्हणाले.

ती भाषा माझ्या जाऊबाई तुती चिरता चिरता बोलल्या होत्या, हे मी नंतर संघात सांगितलं. हा तोच खुला प्रोग्राम आहे, वरून निळा रंग दिला आहे, मूळ मंडळींची नावं काढून टाकली आहेत. संघाचे सचिव म्हणाले, “असंल ताई. पण फुकटच्या गोष्टीला जबाबदार कोण? बंद पडली तर कॉलर कुणाची धरायची?”

यात तथ्य होतं. मागे एकदा मी शहागडला लग्नाला गेले असताना कॉम्प्युटर बंद पडला होता आणि जाऊबाईंनी मला मांडवातून फोनवर बोलावून घेतलं होतं. धरायला एक कॉलर असावी, हे मलाही पटलं. कंपनीनं खुशाल विकावं, ती मुभा त्यातच आहे. मी फक्त दोन अटींची आठवण करून देणारा ईमेल केला. उत्तर आलं की आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे. हा विभाग कुठं असतो ते मला अजून कळलेलं नाही. दरम्यान मूळ मंडळी त्यांच्या प्रोग्राममध्ये सुधारणा करत होती, त्यांतली एकही आमच्याकडे पोचत नव्हती, आणि आम्ही काही विचारलं की कंपनी आम्हाला तक्रार क्रमांक द्यायची. क्रमांक मात्र न चुकता द्यायची.

आता वाटपाच्या त्या सकाळचं सांगते.

शेजारच्या गावातल्या एक काकू त्या बॅचला पहिल्यांदाच अळ्या घेणार होत्या. जाऊबाईंपेक्षा वयानं मोठ्या, आवाज खणखणीत. त्यांच्याकडे चांगली पत्र्याची शेड होती, पण तिच्यात काकांचा ट्रॅक्टर राहायचा. ट्रॅक्टर बाहेर आणि अळ्या आत, एवढ्यासाठी त्यांनी सबंध वर्ष घरात लढा दिला होता. अखेर काकांनी ट्रॅक्टर काढला, पण बोली घातली: अळ्या ठरलेल्या दिवशी आल्या तर ठीक, नाहीतर दिवस मावळायच्या आत ट्रॅक्टर पुन्हा आत. काकूंनी शेड धुतली, चुना मारला, तुती कापून ओल्या गोणपाटाखाली ठेवली आणि सकाळपासून जाऊबाईंना फोन लावायला सुरुवात केली.

“निघाल्या का?”

“निजल्यात काकू. निजलेल्याच निघतात त्या.”

“हे ट्रॅक्टरला किल्ली लावून बसले हायत. जल्दी कर बाई.”

तेवढ्यात कंपनीचे साहेब आले. त्यांना आमच्या सेंटरचा व्हिडिओ काढायचा होता: समाधानी ग्राहक, भरलेली गाडी, हात हलवणाऱ्या महिला. ते दाराशी आले आणि जाऊबाईंनी झाडू आडवा धरला.

“सेंट मारलाय का?”

“हो, म्हणजे थोडासा.”

“अळ्या मरतात त्यानं. तिकडं बसा.”

साहेब खिडकीबाहेर, पिंपळाच्या पारावर बसले. कॉम्प्युटर खिडकीलाच असल्यामुळे त्यांना पडदा दिसत होता आणि आम्हाला साहेब. मी चिठ्ठ्या छापायला टाकल्या. छपाईयंत्रानं थोड्या चिठ्ठ्या बाहेर काढल्या आणि ते गप्प झालं. पडद्यावर निम्म्याहून जास्त घरं लाल झाली होती. प्रत्येकापुढे ‘अपूर्ण नोंद’. काकूंचं घर त्यात सगळ्यांत वर.

कारण कळायला वेळ लागला नाही. आदल्या दिवशी कंपनीनं तिकडूनच काहीतरी बदल करून पाठवला होता आणि ‘घराची खूण’ ही जागा काढून टाकली होती. ‘नाव घेत नाहीत’ ही चौकट तशीच होती, पण तिच्यामागे आता काहीच नव्हतं. नाव नाही, खूणही नाही, म्हणून चिठ्ठी नाही. ट्रे सगळे सारखे दिसतात. कोणता ट्रे कुणाचा आणि कुठं जाणार, हे सगळं त्या खुणांच्या आतच होतं.

“साहेब,” मी खिडकीतून विचारलं, “ही चौकट कशासाठी आहे?”

साहेबांनी मान पुढं केली. “ही ना, हे आमचं प्रायव्हसी फीचर आहे मॅडम. ग्राहकाला आपलं नाव गुप्त ठेवायचं असेल तर.”

“गुप्त?” जाऊबाई म्हणाल्या. “साऱ्या गावाला ठावं हाय की.”

“मग लपवता का?”

“लपवतंय कोण? आम्ही घेत न्हाई.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. ते ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. मला वाटतं, आपण काय विकतो आहोत हे त्यांना त्या पारावर पहिल्यांदा कळत होतं. त्यांनी कंपनीत फोन लावला. पलीकडून सल्ला आला: नोंदी अपूर्ण आहेत, नावं भरून घ्या, काम होईल.

ऐकायला सोपं होतं. जाऊबाईंनी काकूंना फोन लावून मोबाईल मोठ्या आवाजावर ठेवला.

“काकू, काकांचं नाव लागतंय.”

“कशाला?”

“कॉम्प्युटर मागून राह्यलाय.”

“त्याला काय करायचंय यांचं नाव? आज हळदीकुंकू हाय का?”

“अळ्या पायजेत का न्हाई?”

पलीकडे ट्रॅक्टर एकदा घरघरला आणि बंद पडला. काकांनी नुसती आठवण दिली असावी.

“नुसतं कसं घेऊ?” काकू म्हणाल्या. “थांब, जोडू दे.”

आमच्याकडे नाव घ्यायचंच झालं तर ते उखाण्यात बसवून घेतात, मोकळं घेत नाहीत. म्हणून आम्ही थांबलो. अळ्या निजल्या होत्या, साहेब पारावर होते, आणि काकू जोडत होत्या. मग फोनमधून खणखणीत आवाजात आलं:

“ट्रॅक्टर काढला दारात, अळ्यांना केली जागा, अमक्या रावांना म्हणलं, एवढे दिस तरी सरळ वागा.”

अमक्याच्या जागी त्यांनी खरं नाव घेतलं. ते मी इथं लिहीत नाही, तो हक्क त्यांचा आहे. पलीकडे कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि काकांचा आवाज आला, “कुणापुढं घेऊन राह्यली?” काकू म्हणाल्या, “कॉम्प्युटरपुढं.”

जाऊबाई पोट धरून चुन्याच्या पोत्यावर बसल्या. साहेबांना हसावं की नाही ते कळेना, मग तेही हसले. मी नाव टाइप केलं. पडद्यावर आलं: पूर्ण नाव आधारप्रमाणे भरा. ते जाऊबाईंनी पुन्हा फोन करून काकांकडूनच घेतलं. मी भरलं. पडद्यावर आलं: आपला बदल मुख्य कार्यालयाच्या मंजुरीसाठी पाठवला आहे, कृपया कामाच्या दिवसांत संपर्क साधा.

तो दिवस रविवार होता.

हे वाचल्यावर मात्र मला हसू आलं नाही. बाकीच्या बायांनी अजून उखाणे जुळवायचे होते, आणि जुळवून उपयोग नव्हता. आत जाऊन मी एक ट्रे बघितला. अळ्यांच्या माना अजून वर होत्या, पण एकदोघींनी जुनी कात अर्धी सोडली होती.

संघानं ठरवलेल्या गाडीचा ड्रायव्हर शहागडचा होता. हायवेवर ट्रक चालवून इकडे आलेला, आमच्या वस्त्यांमधल्या गल्ल्या त्याला परक्या. त्याला मी विचारलं, जाऊबाईंना सोबत बसवते, नेशील का. तो म्हणाला, “नेतो की ताई. पण ताईंना सगळी घरं ठावी हायत का? दोन तालुके हायत. अन् कुणाचा ट्रे कंचा?”

जाऊबाईंनी क्षणभर विचार केला. “आपल्या गावातल्या ठाव्या. बाकीच्यांना आवाजावरनं वळखीन.”

हे त्या मनापासून म्हणत होत्या, म्हणूनच मला घाई करावी लागली.

मी खुर्चीवर बसले आणि नीट विचार केला. निळा रंग वरचा आहे. आत आमचाच जुना प्रोग्राम आहे. जुन्या प्रोग्राममध्ये सगळ्या नोंदी एकदम बाहेर काढायचं एक पान होतं. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत प्रोग्रामच्या पत्त्यापुढं एक शब्द टाइप केला की ते उघडायचं. कंपनीनं मेनूतून त्याचं बटण काढलं होतं, कारण नोंदी बाहेर काढून हव्या असतील तर त्याचा खर्च वेगळा. पण बटण काढणं म्हणजे पान काढणं नव्हे. दाराची मूठ काढून घेतली म्हणून दार भिंत होत नाही.

मी तो शब्द टाइप केला.

चक्र फिरलं. खाली अक्षरं आली: जरा दम धरा, करून राह्यलोय. आणि मग पान उघडलं. निळं नव्हे, जुनंच, हिरवं, कंपनीच्या चिन्हाशिवाय, कारण तिथपर्यंत रंग द्यायला कुणी गेलंच नव्हतं. खुणांची जागा पडद्यावरून गेली होती, पण खुणा जागच्या जागी होत्या. निळं पिंप. भुंकणारं कुत्रं. ओसरीवरची सासू. पानाच्या तळाशी मूळ मंडळींची नावं, एकाखाली एक, आणि त्यांत माझंही.

मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की जाऊबाईंनी मला तोंडावर बोट ठेवून अळ्यांकडे हात दाखवला.

“उघडलं कसं?” साहेब खिडकीतून अर्धे आत आले होते, सेंटसकट. त्यांनी पुन्हा कंपनीत फोन लावला आणि खिडकीतून माझ्या हातात दिला. या वेळी तिकडचा तांत्रिक माणूस बोलत होता आणि फार नाराज होता.

“ते पान उघडायला नको, मॅडम. ते आमच्या सिस्टिमचा भाग नाही.”

“मग कुणाच्या सिस्टिमचा आहे?”

“ते आतलं आहे.”

“आतलंच बघते आहे मी. तुमच्या आत माझ्या जाऊबाई बोलतात.”

“कोण बोलतात?”

“जाऊबाई. थोरल्या. देऊ का फोन?”

जाऊबाईंनी हात पुसून फोन घेतला. “ऐकून राह्यले का भाऊ,” त्या म्हणाल्या, “ते दम धरा म्हणून लिवलंय ते मी सांगितल्तं. तुम्ही कुठं फिरले मराठवाड्यात? आमच्याकडं तर आले न्हाईत. आले असते तर च्या पाजला असता.”

जाऊबाईंनी फोन परत दिला आणि मला म्हणाल्या, “ज्यांनी केलं त्यांचं नाव हे बी घेत न्हाईत म्हण की.”

“नाहीत घेत.”

“आम्ही मान ठेवून घेत न्हाई. हे कशापायी?” मग त्यांनी खिडकीतल्या साहेबांकडे बघून अगदी आपुलकीनं विचारलं, “तुम्हाला लाज वाटती का?”

साहेबांनी खरं तेच सांगितलं. “आत्ता वाटते आहे, ताई.”

नोंदी बाहेर निघाल्या. जुना प्रोग्राम मी त्याच कॉम्प्युटरवर एका कोपऱ्यात ठेवलेला होता, जसा नवा कुकर आणल्यावर जुना माळ्यावर ठेवतात. त्यात नोंदी घातल्या, आणि छपाईयंत्र पुन्हा सुरू झालं. चिठ्ठ्या निघत होत्या, जाऊबाई ट्रेवर चिकटवत होत्या, साहेब बाहेरून ट्रे गाडीत रचत होते. बाहेर मोकळ्या हवेत उभे असताना त्यांच्या सेंटला आमची हरकत नव्हती. ड्रायव्हरनं फोनवर यादी उघडली आणि मोठ्यानं वाचली, “निंबाखाली, कुत्रं भुंकतं पण चावत नाही. हे बराबर हाय. नाव विचारलं की एका गावात दहा जण निघतात.”

व्हिडिओ साहेबांनी काढलाच नाही. अळ्यांवर भुरभुरलेल्या चुन्यानं हात भरले होते.

काकूंचं घर मी पहिलं घातलं. गाडी तिथं पोचली तेव्हा काकूंचा फोन आला. मागून ऐकू येत होतं ते काका ड्रायव्हरला सांगत होते, हळू उतरव, आडवं धर, निजल्यात त्या. मग काकू म्हणाल्या, “ऐकलं का? आता हेच शानपणा शिकवून राह्यले.”

दुपारपर्यंत सगळ्या अळ्या आपापल्या घरी पोचल्या, आणि जाग्या झाल्या त्या तुतीवरच.

संघात मग बैठक झाली. मी बोलले, जाऊबाई माझ्याहून जास्त बोलल्या. कंपनीनं मूळ मंडळींची नावं परत लावली, पानाच्या अगदी तळाशी, चष्मा लावून दिसतील एवढ्या अक्षरांत. आतलं लिखाणही मागेल त्याला द्यायचं कबूल केलं. खुणेची जागा परत आली. धरायला कॉलर हवी म्हणून संघानं कंपनी ठेवली, आणि माझी हरकत नाही. साहेब आता सेंट न लावता येतात. कंपनीच्या नव्या माहितीपत्रात ‘नाव घेत नाहीत’ची चौकट खास ग्रामीण महिलांसाठी आमची नवी सोय म्हणून छापली आहे. ते मी त्या सकाळच्या हकिकतीसकट परदेशातल्या त्या गृहस्थांना कळवलं. त्यांनी विचारलं, काकांचा ट्रॅक्टर कुठे आहे.

त्यांना उत्तर द्यायच्या आधीच काकूंचा फोन आला होता. पहिली बॅच कोषाला गेली होती, दुसरीचं बुकिंग करायचं होतं.

“मास्तरीणबाई, आधी खूण बदला. तुम्ही लिवलंय ‘ट्रॅक्टरची शेड’. ते आता बराबर न्हाई.”

“मग काय लिहू? ट्रॅक्टर कुठं असतो आता?”

“चिंचेखाली.”

“चिंचेखाली नको लिवू म्हणावं,” मागून काकांचा आवाज आला. “मी त्याला दुसरी शेड मारून राह्यलोय.”

“लहान मारा,” काकू म्हणाल्या. “मोठी मारली तर ती बी घेईन.”

मी जुनी खूण पुसली आणि लिहिलं: दोन शेड आहेत, मोठी अळ्यांची. मग जतन करायचं बटण दाबलं. चक्र फिरू लागलं आणि पडद्यावरून जाऊबाईंनी मला दम धरायला सांगितलं.